नवं घड्याळ जाहीर झालं, दुकानात कधी येणार? पहिल्यांदा वाट पाहणाऱ्यांसाठी

वसंत ऋतूत एके दिवशी सकाळी जिनिव्हाच्या पॅलेक्स्पो सभागृहात ‘वॉचेस अँड वंडर्स’ हा घड्याळांचा मोठा मेळा सुरू होतो आणि तासाभरात नव्या घड्याळांचे फोटो सगळीकडे पसरतात. त्यातलं एखादं मनात भरतं. दुपारपर्यंत व्यास, किंमत, रेफरन्स नंबर (म्हणजे कंपनीने त्या मॉडेलला दिलेला क्रमांक) सगळं पाठ होतं आणि संध्याकाळी दुकानात फोन जातो. पलीकडून उत्तर येतं, ‘‘आम्हालाही आत्ताच कळलंय.’’ हे बहुतेक वेळा खरंच असतं. मोठ्या कंपन्या नवी मॉडेल्स अखेरच्या क्षणापर्यंत झाकून ठेवतात, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाने ते घड्याळ तुमच्याच सोबत, तुमच्यासारखंच फोनच्या पडद्यावर पाहिलेलं असतं.

तिथून पुढचे काही आठवडे, महिने किंवा वर्षं कशी काढायची, यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या कपाटात आधीच डझनभर घड्याळं आहेत आणि ज्यांना दुकानदार नावाने ओळखतो, त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. वेटिंग लिस्ट ही रांग नसते. तुमच्यापुढे सतरा जण आहेत, ते संपले की तुमचा नंबर, असं तिथे काही नसतं. दुकानात एक घड्याळ येतं आणि ते कुणाला द्यायचं हे दुकानदार ठरवतो. आत शिरलेल्या माणसांच्या बोलीत याला ‘अलोकेशन’ म्हणतात. हे एकदा डोक्यात बसलं की ‘माझं नाव आधी लिहिलं होतं’ हा राग येत नाही, आणि काय केल्याने फरक पडतो तेही दिसू लागतं.

पायरी १ : वाट कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

सगळ्या नव्या घड्याळांची वाट सारखी नसते. मी ढोबळमानाने चार प्रकार करतो.

पहिला प्रकार सोपा. घड्याळ नेहमीच्या उत्पादनातलं असतं, फक्त अजून कारखान्यातून निघालेलं नसतं. ग्रँड सेको, ओरिस, लाँजिन, ट्यूडरची बरीचशी मॉडेल्स, ओमेगाची बहुतेक मॉडेल्स यात येतात. काही आठवडे किंवा काही महिने थांबलं की ते काचेमागे दिसतं, कधीकधी हातात घालून बघून, चहा पिऊन, विचार करून परत येण्याइतका वेळही मिळतो. इथे नाव नोंदवून ठेवणं पुरेसं असतं. धावपळ करण्यात काही अर्थ नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अलोकेशन. रोलेक्सची स्टीलमधली स्पोर्ट्स मॉडेल्स, पाटेक फिलिपचं नॉटिलस आणि अक्वानॉट, ओदेमार पिगेचं रॉयल ओक, व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिनचं ओव्हरसीज. ही मर्यादित आवृत्तीची नसतात, वर्षानुवर्षं बनत राहतात. पण जगभर बनतात त्यापेक्षा मागणारे कितीतरी जास्त. रोलेक्सने २०२१ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की टंचाई हे आमचं धोरण नाही, गुणवत्ता न घटवता सगळी मागणी पुरवता येत नाही इतकंच. लोकांनी त्यावर किती विश्वास ठेवला हा भाग वेगळा. त्यानंतर कंपनीने स्वित्झर्लंडमधल्या ब्युल इथे मोठा नवा कारखाना उभारायला घेतला, तो २०२९ च्या सुमारास सुरू व्हायचा आहे. थोडक्यात, पुढच्या वर्षी टंचाई संपेल या आशेवर राहू नका.

तिसरा प्रकार खऱ्या मर्यादित आवृत्तीचा. १०० नग, ५०० नग, ठरलेला आकडा. यातले बरेचसे घोषणेच्या आधीच, कंपनीच्या जुन्या गिऱ्हाइकांना कानात सांगून, मनातल्या मनात वाटून झालेले असतात. नवख्याने यातलं एखादं पाहिलं, आवडलं, तर विचारून जरूर बघावं, पण त्यावर वर्षाचं मन अडकवू नये. पाटेक फिलिप आणि टिफनी या अमेरिकी जवाहिऱ्याचं निळसर डायलचं नॉटिलस २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलं. एकूण १७० नग. पहिला नग लिलावात गेला तो ६५ लाख डॉलरच्या आसपास. अशा घड्याळाची वाट पाहणं म्हणजे वाट पाहणं नव्हेच.

चौथा प्रकार स्वतंत्र घड्याळजींचा. एफ. पी. जूर्नसारख्या घरातून वर्षाला हजाराच्या आगेमागेच घड्याळं निघतात. काही छोट्या कार्यशाळांमधून त्याहूनही कितीतरी कमी. तिथे वाट वर्षांत मोजतात, पुष्कळांनी तर नवी मागणी घेणंच थांबवलेलं असतं. मात्र इथे एक बरं असतं : जे काही असेल ते सरळ सांगतात, आणि घेतली तर मागणी लेखी घेतात.

‘मर्यादित नाही’ असं लिहिलंय म्हणजे सहज मिळेल, असा अर्थ मात्र काढू नका. ओमेगाचं स्नूपीवालं स्पीडमास्टर ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालं, आकड्याची मर्यादा नव्हती, तरी लोकांनी त्यासाठी वर्षं काढली. आणि याच्या अगदी उलट, ओमेगा आणि स्वॉचचं मूनस्वॉच. २६ मार्च २०२२ ला निवडक स्वॉच दुकानांबाहेर अशी झुंबड उडाली की काही ठिकाणी शटर खाली ओढावं लागलं. पहिल्याच दिवशी ती घड्याळं बाहेर कित्येक पट किमतीला विकली गेली. तीही मर्यादित नव्हती, कंपनी ओरडून सांगत होती, आणि पुढे ती दुकानात शांतपणे मिळू लागली. त्या सकाळी कित्येक पट पैसे मोजून ज्यांनी घेतलं, त्यांना उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग याहून दुसरं काय म्हणणार?

पायरी २ : घोषणेतला बारीक मजकूर वाचा

फोटो सगळे बघतात, शेवटच्या चार ओळी कुणी वाचत नाही. तिथेच कामाचं लिहिलेलं असतं.

उपलब्धता कधी, हे बघा. काही कंपन्या महिना देतात. ग्रँड सेकोच्या पत्रकात बहुतेक वेळा अमुक महिन्यापासून असं स्पष्ट असतं आणि ते पाळलंही जातं. रोलेक्स तारीख देत नाही. ‘फक्त बुटीकमध्ये’ असं असेल तर अनेक ब्रँड ठेवणाऱ्या दुकानात चौकशी करून उपयोग नाही, त्या कंपनीच्या स्वतःच्या दालनातच जावं लागेल. ‘क्रमांकित आवृत्ती’ आणि ‘मर्यादित आवृत्ती’ यांत गफलत करू नका. पहिलीत प्रत्येक घड्याळावर क्रमांक कोरलेला असतो, पण एकूण किती बनवणार याला बांध नसतो.

धातू कोणता आहे हेही नीट बघा, कारण कधीकधी तुम्हाला हवं असलेलं घड्याळ अजून जाहीरच झालेलं नसतं. रोलेक्सच्या जीएमटी मास्टर टूचं लाल-निळं सिरॅमिक बेझल (काचेभोवतीचं कडं) २०१४ मध्ये आलं ते फक्त पांढऱ्या सोन्याच्या घड्याळावर. स्टीलमध्ये यायला २०१८ उजाडलं. मधल्या चार वर्षांत ज्यांनी धीर धरला त्यांचं भलं झालं. अर्थात सोन्यात आलेलं प्रत्येक घड्याळ पुढे स्टीलमध्ये येतंच असं नाही. नवी यंत्रणा किंवा नवा रंग आधी महाग धातूत दाखवायचा आणि मग खाली आणायचा, ही चाल जुनी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी एक. छापलेली किंमत ही त्या दिवसाची किंमत असते. रोलेक्स सहसा १ जानेवारीला दर वाढवते, बाकीच्या कंपन्याही वर्षात एकदा-दोनदा हात फिरवतात. वसंतात जाहीर झालेलं घड्याळ पुढच्या वर्षी हातात पडलं तर नव्या दराने पैसे भरावे लागतील. सोन्याचं असेल तर आणखी सांभाळून हिशेब करा.

पायरी ३ : इतका वेळ का लागतो ते समजून घ्या

हे समजलं की दर आठवड्याला फोन करण्याची खुमखुमी कमी होते.

मेळ्यात जे हाताळायला मिळतं ते पुष्कळदा नमुन्याचं घड्याळ असतं. मुख्य उत्पादन तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं, कधी तेही नाही. नव्या रंगाचा डायल किंवा दोन रंगांचं सिरॅमिक बनवताना सुरुवातीला बरेच तुकडे नापास होतात. उल्केच्या चकतीचा डायल असेल तर प्रत्येक चकती वेगळी, आणि पातळ कापताना तडकणारी. मग यंत्रणेची चाचणी. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचं, म्हणजे वेळेच्या अचूकपणाचं, प्रमाणपत्र देते, त्यासाठी प्रत्येक यंत्रणा १५ दिवस पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासली जाते. सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत बसली तरच पास. त्याच्यापुढे काही कंपन्यांची स्वतःची चाचणी वेगळी. मग केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवणं, पाण्याची चाचणी, देशोदेशी पाठवणं.

यात एक गमतीची अडचण आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत स्विस घड्याळ उद्योगाला तीन आठवड्यांची सामुदायिक सुट्टी असते. त्या काळात सुटे भाग बनवणाऱ्यांपासून जुळणी करणाऱ्यांपर्यंत सगळे गायब. ‘जूनमध्ये येणार’ म्हटलेलं घड्याळ जून चुकलं की बहुधा थेट सप्टेंबरवर जातं, त्याचं कारण बरेचदा हेच.

आणि सगळंच काही जिनिव्हाच्या एका आठवड्यात जाहीर होत नाही. एलव्हीएमएच या लक्झरी उद्योगसमूहाच्या कंपन्या जानेवारीत आपला वेगळा आठवडा करतात, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘जिनिव्हा वॉच डेज’ असतात, दुबईचा आठवडा एक वर्षाआड नोव्हेंबरमध्ये. ओमेगा तर जिनिव्हाच्या मेळ्यात नसतेच, वर्षभर मनाला येईल तेव्हा काढते. म्हणून एप्रिल कोरडा गेला तर हताश व्हायचं कारण नाही.

पायरी ४ : दुकानात स्वतः जा

फोन, ईमेल, वेबसाइटवरचा फॉर्म, हे सगळं करा हवं तर. पण अलोकेशनच्या घड्याळासाठी समोर जाऊन बसण्याला पर्याय नाही. दुकानदाराच्या बाजूने बघा. महिन्यात त्या मॉडेलचे दोन नग येतात, नावं लिहिलीयत शंभर. त्यातले निम्मे घड्याळ मिळताच बाहेर नेऊन नफ्यावर विकणार, हे त्याला ठाऊक असतं. असं घड्याळ पुढच्या आठवड्यात बाजारात दिसलं आणि त्याचा क्रमांक सापडला, तर कंपनीकडून त्यालाच ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे तो एकच गोष्ट शोधत असतो : हा माणूस हे घड्याळ खरंच वापरणार आहे का?

घोषणेनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी जा. पहिल्या दोन दिवसांत सगळेच येतात आणि विक्रेता पिकलेला असतो. मधल्या वारी, दुकान रिकामं असताना जा. संवाद साधारण असा व्हावा :

‘‘नवीन जीएमटी जाहीर झालंय, त्याची चौकशी करायची होती. रेफरन्स नंबर लिहून आणलाय.’’

‘‘आमच्याकडे अजून आलेलं नाही, सर. आणि कधी येईल, सांगणं अवघड आहे.’’

‘‘हो, कल्पना आहे. घाई नाही. या प्रकारातली साधारण किती येतात तुमच्याकडे वर्षाला?’’

हा शेवटचा प्रश्न मला फार कामाचा वाटतो. ‘किती दिवस लागतील’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं, त्यामुळे ते गोल गोल मिळतं. ‘वर्षाला किती येतात’ याचं उत्तर मात्र दुकानाकडे अंदाजे असतं आणि चांगला विक्रेता ते सूचकपणे देतो. ‘‘दोन-चार’’ म्हणाला तर गणित तुम्हीच करा. ‘‘दर महिन्याला थोडी येतात’’ म्हणाला तर आशेला जागा आहे.

मग स्वतःबद्दल थोडं सांगा. हे पहिलंच चांगलं घड्याळ आहे का, काही निमित्त आहे का, रोज घालणार का. निमित्त असेल तर तारीख सांगा, लिहून घेतात. पण खोटं निमित्त रचू नका. पंचविसावा वाढदिवस एकाच माणसाला दरवर्षी येऊ लागला की विक्रेत्याच्या लक्षात येतं. मनगटाचं माप द्या. दुसरा रंग किंवा दुसरा पट्टा चालेल का, तेही प्रामाणिकपणे सांगा. फक्त काळा डायलच हवा असेल तर तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला निळा देताना तुमच्यासाठी कुणी थांबून राहत नाही.

समोर मांडलेलं घड्याळ ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी पाटी घेऊन बसलेलं दिसेल. ते विकत मागू नका, मिळणार नाही. हातात घालून बघू द्याल का, असं विचारा. बहुतेक दुकानं देतात, आणि तेवढ्यासाठी ही फेरी वसूल होते.

किती दुकानांत नाव द्यायचं? माझ्या मते दोन. जिथे तुम्ही खरोखर पुन्हा जाऊ शकता अशी. दहा ठिकाणी नाव देऊन एकाही ठिकाणी कुणाला तोंडओळख नसणं हे नाव न देण्यासारखंच. एकाच साखळीच्या दोन शाखांत नाव देऊन काही साधत नाही, त्यांची नोंद बहुधा एकच असते. नंतर दोन-तीन महिन्यांनी एखादी फेरी मारा, काही नवीन आलं असेल ते बघा, माणसाचं नाव लक्षात ठेवा. दर सोमवारी ‘‘आलं का?’’ असा मेसेज टाकणारा लक्षात राहतो, पण चांगल्या अर्थाने नाही.

पायरी ५ : पैसे आधी मागितले तर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकांत मिसळू देऊ नका.

छोट्या, नव्या कंपन्या बऱ्याचदा आगाऊ रक्कम घेऊनच घड्याळं बनवतात. त्यांचा धंदाच त्यावर चालतो, त्यात गैर काही नाही. मात्र अटी वाचा : किती महिन्यांत देणार, उशीर झाला तर पैसे परत मिळतात का, बिघाड झाला तर दुरुस्ती कुठे होणार. मोठ्या ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याने नुसत्या इच्छायादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितले, तर मात्र तिथे थांबा. ते पैसे घड्याळाच्या किमतीत वळते होणार का, परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार आला तर नमस्कार करून बाहेर पडा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ‘आधी दुसरं काहीतरी घेतलंत तर बरं दिसेल’, असं कधी थेट, बहुतेक वेळा आडून सुचवलं जातं. दागिने, भिंतीवरचं घड्याळ, पडून असलेलं एखादं मॉडेल. यावर लोकांची मतं टोकाची आहेत. मला विचाराल तर, जे घड्याळ तुम्ही तसंही कधीतरी घेतलं असतं ते त्या दुकानातून घ्यायला हरकत नाही. नको असलेली वस्तू गळ्यात मारून घेऊन जे पैसे जातात, ते मिळवून पाहिलं तर हवं असलेलं घड्याळ बाहेर चढ्या दराने घेण्याइतकेच होतात. शिवाय हमी कुणीच देत नाही. त्यामुळे शब्दावर विसंबून खर्च केलात तर पुढे दाद मागायला जागा नसते.

पायरी ६ : पहिल्या महिन्यात बाहेरून घेऊ नका

घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवर ते घड्याळ दीडपट-दुप्पट किमतीला ‘उपलब्ध’ दिसू लागेल. जगात एकही नग दुकानात पोचलेला नसताना. विकणाऱ्याकडे घड्याळ नसतंच. पुढे कधीतरी कुठून तरी मिळवून देऊ, या भरवशावर त्याने कंपनीचाच फोटो चिकटवलेला असतो. त्याला बयाणा देणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट पाहण्यावर आपले पैसे लावणं.

यानंतरचा टप्पा म्हणजे पहिले मोजके नग खरंच बाहेर येतात तो. साधारणपणे किंमत याच वेळी सर्वांत वर असते : नग थोडे, उत्साह ताजा, सगळीकडे व्हिडिओ. मग माल वाढतो, पुढचं काहीतरी नवं येतं आणि भाव खाली येतो. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या-नव्या लक्झरी घड्याळांचे बाजारभाव कळसाला गेले होते आणि त्याच वर्षी घसरायला लागले. त्या वसंतात ‘आता कधीच स्वस्त होणार नाही’ म्हणून घेणारे बरेच होते.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर फसवणूक होईल. रोलेक्सने सप्टेंबर २०२० मध्ये ऑयस्टर पर्पेच्युअल रंगीबेरंगी डायलमध्ये काढलं. त्यातला फिरोजी रंग टिफनीच्या नॉटिलसमुळे एकदम चर्चेत आला, आणि ४१ मिलिमीटरमध्ये तो २०२२ मध्ये बंदही झाला. ज्यांनी आरामात बघू म्हटलं त्यांच्या हातून तो सुटला. कोणतं मॉडेल बंद होणार हे रोलेक्स आधी सांगत नाही, ते एके दिवशी वेबसाइटवरून नाहीसं होतं. पण असे अपवाद आधी ओळखता येत असते तर सगळेच घड्याळांचे व्यापारी झाले असते. नवख्याने नियमावर चालावं.

बाहेरूनच घ्यायचं पक्कं असेल तर किमान एवढं करा. त्या विशिष्ट नगाचा, आजच्या तारखेच्या चिठ्ठीसह फोटो मागा, काटे तुम्ही सांगाल त्या वेळेवर लावून. वॉरंटी कार्ड आणि त्यावरची तारीख बघा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. बनावट घड्याळं बनवणाऱ्यांना नवं मॉडेल नक्कल करायला फार वेळ लागत नाही. आणि नव्या मॉडेलच्या बाबतीत तुलनेला खरं घड्याळ अजून कुणी फारसं पाहिलेलं नसतं, हा त्यांचा फायदा. भरवशाच्या घड्याळजीला मागचं झाकण उघडून बघू द्यायला विकणारा तयार नसेल, तर व्यवहार करू नका.

पायरी ७ : वाट पाहताना मनगटाकडे बघा

कंपनीचे फोटो बहुतेक संगणकावर बनवलेले असतात. त्यात डायलवर सावली पडत नाही, काच चमकत नाही, आणि ४१ मिलिमीटरचं घड्याळ पडद्यावर बशीएवढं दिसतं. उन्हात, साध्या फोनने काढलेले लोकांचे फोटो आणि व्हिडिओ येऊ लागले की ते बघा. हिरवा म्हणून आवडलेला डायल घरातल्या दिव्याखाली जवळजवळ काळा दिसतो, असं कितीदा तरी होतं.

व्यासापेक्षा पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की घड्याळ उसनं घेतल्यासारखं दिसतं. त्याच मापाचं, जवळपासच्या जाडीचं दुसरं घड्याळ कुठल्याही दुकानात दहा मिनिटं घालून बसा. शर्टाची बाही त्यावरून सरकते का, हेही बघा. जाड घड्याळ घालणाऱ्यांचं निम्मं आयुष्य बाही मागे सारण्यात जातं.

नवीन यंत्रणा असेल तर मी आणखी थोडं थांबायला सांगेन. पहिल्या खेपेच्या घड्याळांत कधीकधी तारीख मध्यरात्री नीट न उलटणं, चावी देताना अडखळणं असे दोष निघतात. कंपनी ते वॉरंटीत दुरुस्त करते, पण तुमचं महिनोन् महिने वाट पाहून मिळालेलं घड्याळ परत काही आठवडे कारखान्यात जातं. वर्षभर जुन्या उत्पादनात ही कटकट बरीच कमी होते.

आणि या काळात दुसरं काही आवडलं तर? आवडू द्या. नव्याच्या नादात शेजारचं, आज काचेत असलेलं मॉडेल नजरेआड होतं. सहा महिन्यांनी ते फोटो पुन्हा उघडून बघा. तितकीच ओढ वाटत असेल तर वाट पाहत राहा. वाटत नसेल तर दुकानात फोन करून नाव काढायला सांगा. विक्रेत्याला याचं वाईट वाटत नाही, उलट पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन येतं.

पायरी ८ : फोन आल्यावर

‘‘तुमचं घड्याळ आलंय’’ हा फोन सहसा आगाऊ सूचना देऊन येत नाही, आणि उत्तर द्यायला फार तर दोन-तीन दिवस असतात. पैशांची सोय आधी करून ठेवा. ओळखपत्र न्या, स्वतः जा. अनेक दुकानं दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, वॉरंटीची नोंद तुमच्याच नावावर करतात. कधी मागितलं त्यापेक्षा वेगळा डायल किंवा पट्टा आलेला असतो. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा. एका नकाराने कुणी काळ्या यादीत टाकत नाही, पण ‘‘घेतो’’ म्हणून न येणाऱ्याला मात्र टाकतात.

दुकानातच नीट बघा, घाई करू नका. डायलवर, काट्यांखाली धूळ किंवा केस अडकलाय का. बेझलचं चिन्ह बारावर नेमकं येतंय का. क्रमांक वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकाशी जुळवा. रोलेक्समध्ये तो काचेखाली, डायलच्या भोवतीच्या आतल्या कड्यावर सहाच्या बाजूला कोरलेला असतो, बारीक असतो, भिंग मागून घ्या. चावी बाहेर ओढून तारीख आणि वेळ बदलून बघा. कार्डावर आजचीच तारीख पडली आहे ना, ते बघा. काही दुकानं घड्याळ लगेच विकलं जाऊ नये म्हणून कार्ड वर्षभर स्वतःकडे ठेवतात किंवा प्लॅस्टिकचं आवरण तिथेच काढून टाकतात. आवरण काढायला हरकत घेण्याचं कारण नाही. कार्ड मात्र ठेवून घेणार असतील तर त्याची पावती आणि परत मिळण्याची तारीख लेखी घ्या.

ब्रेसलेट तिथेच मापात करून घ्या आणि संध्याकाळपर्यंत मनगट थोडं फुगतं हे लक्षात ठेवून एक बोट सैल ठेवा. काढलेल्या कड्या डब्यात ठेवल्या आहेत का ते उघडून बघा. त्या तुमच्या आहेत, आणि पुढे हव्या झाल्या तर एकेक सुटी घेताना चांगलीच महाग पडते.